किल्ली

किल्ल्याला दार नाही. किल्ली मात्र आहे,
वीतभर, गंजून जड झालेली,
त्सिआलाच्या खिशात.
ती आमच्यापुढे चढते,
मध्येच थांबते, दमून नव्हे,
शेळी कुठवर गेली ते बघायला.

वर फारसं काही नाही.
टाक्यात अक्रोडाची टरफलं,
भट्टीच्या तोंडाशी काजळी,
बोट लावलं की अजून उठते.
एक खिडकी उरलीय. भिंत नाही.
खिडकीतून कॉकेशसचा बर्फ दिसतो,
बाजूनंही दिसतोच.

"कुणी पाडला?"
मंगोल म्हणेल, भूकंप म्हणेल, म्हणून मी वही उघडतो.
"आजोबांनी," त्सिआला म्हणते.
"गोठा बांधायचा होता.
मग वार्लामच्या बापानं,
मग शाळेसाठी सगळ्यांनीच."

गोठ्यात दगडी द्राक्षवेल, अर्धा सिंह.
गाय त्याच्यावर मान घासते;
आयाळ गुळगुळीत झालीय.

"आणि ही किल्ली?"
ती खुराड्याकडे नेते.
जाड ओक, लोखंडी खिळे,
कमरेइतकं कापलेलं दार.
कोंबड्या मोजते. नऊ.
दहावीला शिव्या घालत शोधून आणते,
मग दोन्ही हातांनी किल्ली फिरवते.
कोल्हे येतात, म्हणते.
रोज रात्री येतात.