लाइन येईपर्यंत

रात्री अकरानंतर सबस्टेशनचा फोन
एकच विचारतो: लाइन कवा येते हो?
साडेबारा, मी म्हणतो. लोड आहे.
मग तिकडून बिडीचा दम,
इकडून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण,
आणि फोन कुणीच ठेवत नाही.

हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. थंडी हाडात.
धुऱ्यावर रोही उभे.
तासभर बोलायचं तरी काय?

सुरुवात कवडू भोयरनं केली, पुसाच्या महिन्यात.
"साहेब, समुद्र पाह्यला काय तुम्ही?"
नाही.
"मीबी नाई. पण सध्या जहाजावर हाय मी.
मचाणावर कंदील, मांडीवर पुस्तक,
शंभर पानं झाली, अजून किनारा नाई भेटला.
चहूकडं पानी, अन् त्या खलाशाले प्याले घोटभर नाई.
माह्या विहिरीवर येऊन पाहाव म्हणा त्यानं."

बेबी गेडाम एका नर्सच्या आठवणी वाचत होती.
रोज आठच पानं.
"जास्त वाचलं तं संपून जाईन न जी!"
नवरा जिनिंगवर, ओलीत तिच्याकडं,
आणि त्या नर्सला अजून नोकरीही लागली नव्हती.

रज्जाकभाई, मोटर वाइंडिंगवाले,
जाडजूड खुनाची कादंबरी.
शेवटची सोळा पानं कुणीतरी चिवड्याला वापरलेली.
"काल माझा संशय डॉक्टरवर होता, आज पोस्टमनवर.
पुरं पुस्तक भेटलं असतं
तर खुनी एकच निघाला असता."

मी याचं त्याला सांगू लागलो, त्याचं हिला.
लॉगशीटवर फीडरच्या अँपिअरशेजारी
पेन्सिलीनं लिहून ठेवायचो: कवडू, पान १४०.
ज्युनिअर इंजिनिअरनं बोट ठेवलं, हे काय?
रीडिंगच आहे साहेब, म्हणालो.

मग एका रात्री बेबी म्हणाली,
"अन् तुम्ही काय वाचून रायले, नेवारेभाऊ?"

टेबलावर लॉगबुक, परमिटचं बुक,
बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर.
बारा वर्षांत मी एकही पुस्तक
शेवटपर्यंत नेलं नव्हतं.
"एक कादंबरी," म्हणालो. "एका बाईची.
घड्याळं दुरुस्त करते ती,
अशा गावात, जिथं कुणाला वेळ विचारायची नसते."
"मंग?"
मग साडेबारा वाजले. लाइन सोडली. सुटलो.

दुसऱ्या रात्री तिघांनीही तेच विचारलं.
घड्याळवालीचं काय झालं?

दाढी करताना मी तिला भाऊ दिला,
गॅस सिलिंडरच्या रांगेत एक लंगडी बकरी,
आणि डोळा लागता लागता
सासऱ्याची एक बंद पेटी,
जिच्यात काहीतरी टिकटिक करत होतं.
काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.
पेटी उघडायची हिंमत होईना.

"बुधवारच्या बाजारात येईन मी," बेबी म्हणाली,
"नर्सची आठ पानं उरली. ते तुमचं पुस्तक द्या न आता."
तोंडातून निघून गेलं: कवडूनं नेलं.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.
खोटं एवढं वाढेल असं वाटलं नव्हतं,
आणि तेही एका न छापलेल्या पुस्तकाबद्दल.

शुक्रवारी फोन वाजला. साडेबाराला चार मिनिटं कमी.
"साहेब, कवडू बोलतो.
बेबीबाईचा फोन आलता. पुस्तक मांगे."

मी गप्प. ट्रान्सफॉर्मर बोलत राहिला.

"म्या सांगतलं, हाव, माह्याजवळच हाय.
अजून वाचनं चालू हाय, मोठं हाय म्हटलं."
त्यानं बिडी पेटवली, काडी ओढल्याचं ऐकू आलं.
"अन् साहेब, ते पेटी उघडली न तिनं आज.
बकरी नव्हती का लंगडी? तिच्यामुळंच उघडली..."

चारही फीडर अंधारात, गहू-हरभरा कोरडा,
घड्याळात साडेबारा होऊन गेलेले.
ब्रेकरच्या दांड्यावर हात ठेवून
मी विचारलं,
"मंग?"