वर्ख लावताना

पाद्रीने कातडी आणून टाकली तेव्हा
रवळूने विचारलं, कसली?
तो म्हणाला, बकरीची.
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
आम्ही पुन्हा विचारलं नाही.
दिवाडीत त्या वर्षी
दुसऱ्यांदा विचारणं कुणालाच परवडत नव्हतं.

एका जनावराची दोन पानं.
चाळीसनंतर मी मोजणं सोडलं.

रंगांचं काम माझ्याकडे.
हिंगूळ लिंबाच्या रसात खलायचा,
वर पिवळं पाणी येतं ते ओतायचं,
पुन्हा खलायचा, पाणी निवळ होईतो.
हरताळ वाटताना तोंडाला फडकं,
आणि कुंचल्याला टोक काढायला
तो जिभेवर टेकवायचा नाही.
हे सासऱ्यांनी शिकवलं.
स्वतः मात्र टेकवायचे.
गेले तेव्हा दहाही नखांवर पांढरे पट्टे होते.

काजळी खोबरेलाच्या दिव्याची,
सफेदा शंख जाळून,
आणि प्रत्येक रंगाला एक शिंपला.
तिसऱ्यांचं कालवण झालं
की पोरं विचारत,
आई, उद्या कुठला रंग?

सोन्याला मात्र दारं लावून घ्यायची.
लसणाच्या रसाचा लेप अक्षराच्या पोटात,
वाळला की त्यावर तोंड नेऊन
हलकेच हाः करायचं,
आरशावर करतात तसं.
ओल लागून लेप जागा होतो.
तेवढ्यात वर्ख टेकवायचा, श्वास धरून,
कारण उडाला तर तो
पाद्रीच्या तराजूतून उडतो.
चुरासुद्धा तो तोलून नेई.
एकदा धाकटीच्या केसांत
एक कपटा सापडला.
मी तो तिथेच राहू दिला, दोन दिवस.

लिहिणारा वेगळा, नदीपलीकडचा.
बदकाच्या पिसाने काळ्या ओळी ओढी
आणि पहिल्या अक्षराची जागा कोरी सोडी,
कोपऱ्यात मुंगीएवढी खूण करून:
इथे हे काढा.
आम्ही ते काढत होतो.
वाचता येत नव्हतं.
पण खरं सांगायचं तर
सासऱ्यांनी भटांची पोथी रंगवली
तीही घरात कुणाला वाचता आली नव्हती.
अक्षर म्हणजे पोट, पाठ, शेपूट.
एकाचं पोट डावीकडे, एकाचं उजवीकडे.

ती पोथी एका अवसेला
पोफळीच्या विरीत गुंडाळून
होडीने अंत्रुजला गेली.
भट तिच्यावर बसले होते,
सोवळं-ओवळं विसरून.
आमच्याकडे राहिली फक्त तिच्या समासातली वेल,
तीही रवळूच्या मनगटात.

पुढे गाण्याच्या त्या थोरल्या पुस्तकात,
जे उचलायला दोन माणसं लागत,
एका पानाच्या कडेने ती उतरली.
पाद्री थांबला. बोट फिरवलं.
द्राक्षं?
होय, रवळू म्हणाला, द्राक्षं.
होती मिरी.
पाद्रीच्या गावाला द्राक्षं पिकत, म्हणे.
तो त्या पानापाशी बराच वेळ उभा होता.
त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

शेवटची सात अक्षरं माझी.
रवळूच्या डोळ्यांवर तोवर साय आली होती.
तो शेजारी बसून नुसतं ऐकायचा:
कुंचला जाड लागतोय, म्हणायचा,
पाणी घाल.
आणि मी घालायचे.

सातव्या अक्षराच्या पोटात
मी एक तिसरी काढली, उघडी.
कडेने सोनं, बाहेर नीळ,
आत काहीच नाही.
कातडं तसंच दिसू दिलं.
कुणी तिथे बोट ठेवलं
तर बारीक ठिपके लागतील,
केसांच्या मुळांचे,
तांबूस.

बकरीचेच असतील.