कोणत्या दारापासून

कर्कटकाचं टोक स्टेशनात रोवायचं,
पेन्सिल आठशे मीटरवर ताणायची
आणि गिरकी.
एवढंच माझं काम, कीटो शहरात,
नगररचना खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथून पिचिंचाचा डोंगर दुपारपर्यंतच दिसतो;
मग ढग खाली येऊन फायलींवर बसतात.

वर्तुळाच्या आत मजले चढतील,
गाड्या लावायच्या जागा कमी होतील,
आणि पाचातलं एक घर
परवडणारं असेल.
मसुद्यात तो शब्द एकोणीस वेळा आलाय,
एकदाही कुणाला ‘ला’ लागलेला नाही.
परवडणारं म्हणजे कुणाला?
विभक्ती कुठे गळाली,
टंकलेखनात की बैठकीत,
कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आठशे मीटर म्हणजे दहा मिनिटं,
असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकातला माणूस सपाटीवर चालतो,
रिकाम्या हातांनी,
बहुधा सुट्टीच्या दिवशी.

तारहेलिया किश्पे पहाटे सव्वाचारला निघते.
उकडलेल्या मक्याचं भांडं पाठीशी बांधून
दोनशे अकरा पायऱ्या उतरते,
एल कापुली स्टेशनच्या दारात विकते,
आणि साडेसहाच्या गाडीनं उत्तरेला जाते,
इस्पितळाच्या फरश्या पुसायला.
एका रविवारी मी तिच्याबरोबर चालले, घड्याळ लावून.
उतरताना चौदा मिनिटं.
चढताना एकतीस,
त्यात दोनदा थांबलो.
खरं तर थांबले मी; ती नुसती उभी राहिली,
भांडं पाठीवरच.
“एकदा खाली ठेवलं,” म्हणाली,
“की पुन्हा उचलवत नाही.”

त्या रात्री मी रेघ मिनिटांनी काढली, मीटरनी नाही.
चढाकडे ती आत खचली,
घळीपाशी तुटली,
हमरस्त्याच्या बाजूला जीभ काढल्यासारखी लांबली.
नवशिक्याची पोळी व्हावी तसं वर्तुळाचं झालं,
बघणारा विचारेल, हा कुठला देश?
किश्पेबाईंचं घर त्या देशाबाहेर.
कौलांचा बंद कारखानाही बाहेर,
जिथे एकाही कुटुंबाला न उठवता
दोनशे ऐंशी घरं बसली असती.

लेदेस्मा साहेब चष्म्यावरून बघत राहिले.
“छान आहे,” म्हणाले, “पण नियमात वर्तुळ आहे.”

नियमात वर्तुळ आहे.
बरं.
केंद्र कुठे, ते नियमात नाही.

स्टेशनच्या मूळ आराखड्यात मला एक दार सापडलं,
तुटक रेषेतलं, पश्चिमेला, कारखान्याच्या अंगाला.
बोगदा खणलेला, जिना बांधलेला,
मग पैसे संपले म्हणून विटांनी बुजवलेलं.
मी टोक तिथे रोवलं.
गिरकी.
कारखाना आत आला, चिमणीसकट.

“कोणत्या दारापासून मोजलंस?”
“जे उघडायचंय, त्या.”
साहेबांनी शिक्का उचलला,
परत ठेवला,
कॉफी प्यायला गेले.
दोन कप झाले असावेत. मी कागदावरचा रबराचा चुरा
फुंकत बसले होते.
परत आले आणि न बघता उठवला,
थोडा तिरका.

याला चार वर्षं झाली.
विटा काढल्या, दार उघडलं.
घरं अजून चिमणीपेक्षा बुटकी आहेत.
सोडतीत तारहेलियाचा क्रमांक चारशे बारा.
मी आकडा सांगितला तेव्हा ती सुट्टे मोजत होती,
मोजणं थांबवलं नाही.
कागदाच्या पुडीत मका दिला, वर मीठ,
पैसे पुरते घेतले.

मूळ नकाशा माझ्याच खणात आहे.
उजेडाला धरला की दोन भोकं दिसतात,
एक नियमाचं, एक माझं,
आणि दोन्हींतून सारखाच उजेड येतो.

ती आता नव्या दारात बसते.
“अठ्ठ्याऐंशी पायऱ्या वाचल्या,” परवा म्हणाली,
आणि मी काही बोलायच्या आत,
“एकशे तेवीस उरल्यात.”