दुसरा आकडा

टेल्मो आला तेव्हा गाडी आधीच बसवून झाली होती.
चाळीस मिलिमीटर खाली, लाल स्प्रिंगा,
बार्सेलोसच्या कुणा मित्रानं रविवारी अंगणात घातलेल्या,
कोंबड्या बघत होत्या म्हणे.
चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये
दोन बोटंही मावत नव्हती.
दिसायला छान. मी नाही म्हणत नाही.
झेप घ्यायच्या आधी मांजर दबतं, तशी.

"फार कडक झालीय, लिओनिल्द.
पहाटे पाव पोचवताना पाठ मोडते.
आईचे मक्याचे पाव क्रेटमधून उड्या मारतात,
काल एक थेट मागच्या काचेवर."

मी पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकले,
अंगाचा भार टाकला, आणि सोडून दिलं.
एक.
दोन.
तीन.
चौथ्याला जरा लाजली, मग थांबली.

कडक नाही रे बाबा. सैल आहे.
लोखंड आणलंस नव्या दमाचं, आखूड, तापट,
आणि त्याला आवरायला ठेवलास
एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेला म्हातारा,
ज्याच्या गुडघ्यातून तेल गळतंय.
स्प्रिंगला काय, दाबलं की उसळायचं, एवढंच कळतं.
घेतलेलं सगळं परत करते, पैसुद्धा ठेवत नाही.
मग ती उसळी गिळायची कुणी?
शॉकपनं.
तेलात बुडालेला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं,
त्यांतून वाट काढता काढता धक्का दमतो,
ऊन होतो,
कुणाला न सांगता वाऱ्यावर निघून जातो.
लांबून आलास की हात लावून बघ कधी,
सगळा रस्ता तिथं कोमट लागतो.

आणि उंची उतरवलीस म्हणजे
दांडा उभ्या उभ्याच निम्मा आत.
खाली रबराचा ठोकळा वाट बघत बसलेला.
तो बसतो तुझ्या पाठीत. त्याला तू कडक म्हणतोस.
आखूड स्प्रिंगला आखूड अंगाचा जोडीदार लागतो,
लांबडा चालत नाही, थकलेला तर नाहीच.

बोलताना माझा आवाज चढतो, ठाऊक आहे मला.
आदेरितो, माझा भाऊ,
खड्ड्यातून डोकं वर न काढता म्हणाला,
"चोवीस वर्षांचा आहे तो. किंमत सांग."
मी फडकं फेकलं. त्याच्यापर्यंत पोचलं नाही.
संध्याकाळी बाकावर होतं, घडी घालून.

किंमत सांगितली. चारही चाकांची.
"पुढचे दोनच बदलले तर?"
मग पुढून प्रार्थनेला जाशील, मागून जत्रेला.

बाराव्या दिवशी पैसे घेऊन आला.
बूट उघडला तर रिकामा.
शवपेटीएवढा तो स्पीकरचा डबा,
ज्याच्या ठोक्यानं आमच्या खिडकीतला संत अंतोनी
दर शनिवारी भिंतीकडे तोंड करायचा,
तो विकला होता मावसभावाला.
मी काही विचारलं नाही.
आदेरितोनं कॉफी दिली त्याला, साखर जास्त घालून.

स्प्रिंग काढताना मी कुणाला जवळ येऊ देत नाही.
दोन्हीकडून जखडली की ती गप्प होते,
आणि तेव्हाच सगळ्यात वाईट असते.
माझ्या डाव्या करंगळीला विचारा, उरलेल्या.

नवे शॉकप पिवळे.
एक उभा धरून दाबला, सोडला,
तर वर आला विचार करत,
पुलावर टेकून बोलणाऱ्या माणसासारखा, घाई नाही.
रात्री नऊपर्यंत चारही घातले. चाकं सरळ करून घे म्हटलं,
त्यानं मान हलवली, म्हणजे घेणार नाही.

आमच्या गल्लीत ग्रॅनाइटचे दगड आहेत, जुने,
बेकरीच्या वळणावर एक खचलेला.
नगरपालिकेला दोनदा लिहिलं.
पावणेपाचला टेल्मो तिथून जातो.
आधी मी पांघरुणात मोजायची,
एक, दोन, तीन, आणि मागून क्रेटचा खुळखुळाट.
आता चाक त्या खळग्यात उतरतं,
एक,
आणि मी डोळे मिटून थांबते,
दुसरा आकडा ओठांवर घेऊन.
गाडी तोवर नदीकडे वळलेली असते.