ओहोटी दहा चाळीसला

सहाला जमा, असं कळवलं,
म्हणजे साडेसहाला येतील.
आंजर्ले ते केळशी, चालत. एकोणीस नावं.
वहीत माझ्या खुणा: मधुमेह, गुडघा, उपास,
आणि घाग वहिनींपुढे
नुसतं एक टिंब.

गेल्या खेपेला ती दोघं होती.
नाना सगळ्यांत मागे, शिंपले खिशात भरत.
पैसे वहिनींनी या वेळीही दोघांचे दिले.
मी मोजून घेतले, बोललो नाही.

आडेच्या खाडीत पाणी अजून मांडीला.
थांबलो. ओहोटीला घाई करता येत नाही.
पोरं खेकड्यांच्या मागे,
धाडवेंनी थर्मासचं झाकण हरवलं,
वहिनी वाळूत बसून
बुटांत मोजे कोंबत राहिल्या.

पाणी घोट्याला आलं तसे निघालो.
पलीकडून मी डोकी मोजत होतो,
सतरा, अठरा...
त्या मधोमध थबकल्या, मागे वळल्या,
रिकाम्या किनाऱ्याकडे बघून
नेहमीच्याच वैतागानं ओरडल्या,
"अहो, चला की! पाणी चढेल!"

सगळे गप्प.
धाडवे तेवढे म्हणाले, "येतील, येतील."

केळशीत वीस ताटं सांगून ठेवली होती.
सोलकढी उरली नाही.