मठार

तांबट लेनमध्ये घरं आवाजावरून ओळखायचे.
आमचं ओळखायचे वेळेवरून.
रात्री तीनला ठोके सुरू झाले
की समोरचे काका खिडकी लावून घेत म्हणायचे,
मुकुंदाला काम लागलं.

त्या सतरा रात्रींत बाबांनी एकेचाळीस घागरी केल्या.
ऑर्डर नऊची होती.
उरलेल्या जिन्यात, मोरीत, माझ्या अंथरुणाशेजारी.
कुंभाला साधू पाणी मागतील, ते म्हणाले.
कुंभाला अजून सात वर्षं होती.
मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं,
एवढं लांबचं कुणाच्या बाबांना दिसतं?

मग हातोडी थांबायची.
घागरी काळ्या पडत. बाबा भिंतीकडे तोंड करून.
आई चिंच-मीठ घेऊन एकेक घासत बसे
आणि कुणी विचारलं तर सांगे, कावीळ झालीय.
आमच्या घरात कावीळ फार.
मंजूआत्याला लग्नानंतर दोनदा झाली.
तिसऱ्यांदा काय झालं ते कोणी सांगत नाही,
फक्त गंगेवरचा पूल आला की आई रिक्षात डोळे मिटते.

त्र्यंबकला नारायण नागबळी केला, तीन दिवस.
गुरुजी म्हणाले, पूर्वजांकडून आलंय.
सोळा वर्षांनी कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
बाबांचा चौकोन काळा केला, आत्याचा गोल,
आणि पेन माझ्या गोलाशी आणून थांबवलं.
त्यांचंही म्हणणं तेच निघालं.
फक्त गुण आला.

लिथियम हे एक मीठच असतं म्हणे.
खाल्ल्या मिठाला जागतेय, अकरा वर्षं.
हात थरथरतो, चहा बशीत सांडतो.
रक्ताचा आकडा ठीक आला
की त्या दिवशी मिसळ खाते, एकटी, मन लावून.

दोन तोंडांच्या मारुतीचं गाव तुमचं, असं हसत म्हणणारे
मला भेटून झालेत.
पुरात त्याची तोंडं कोण बघतं?
पाणी कुठवर आलं ते बघतात,
घोट्याला, कमरेला, छातीला.
नवरा मला रोज तसं बघतो. विचारत नाही.

खोटं कशाला बोलू,
तीनचे ते ठोके मला अजून हवेसे वाटतात.
सगळी लेन झोपलेली, तांबं लोण्यासारखं,
आणि बाबा माझ्या हाती हातोडी देऊन सांगतायत,
एकाला एक लागून. सुटता कामा नये.

काल शलाकाच्या खोलीत दिवा होता. पावणेतीन.
सोळाची आहे ती.
मी दाराबाहेर, अनवाणी.
आत पेन्सिल भरभर चाललेली.
"उद्या पेपर आहे, आई. झोप ना तू."
असेल. पेपर असतातच.

स्वयंपाकघरात बाबांची एक घागर आहे.
अंधारात तिच्याशी बसून
बोटाने ठोके मोजत राहिले.
दिवा बंद झाला तेव्हा तीनशे बारा झाले होते.
एकही सुटलेला नव्हता.