नमुना

गुरांच्या बाजाराच्या दिवशी आम्ही उभे राहतो
क्लोनिसच्या अलीकडे, चुनखडीच्या जुन्या भट्टीपाशी.
मी, नवा पोरगा ओरान, आणि पांढरी व्हॅन,
जिची खबर आमच्या आधी बाजारात पोचते.
म्हणून पहिला तासभर फक्त नेक माणसं येतात.
नंतर विसरभोळी.

टाकीचं झाकण उघडायचं, नळी सोडायची,
हातपंप दोनदा दाबायचा.
बाटलीत दोन बोटं डिझेल चढतं.
ती आभाळाकडे धरायची.
आयर्लंडचं आभाळ, त्यात उजेड बेताचाच,
पण हा हिरवा तेवढ्यातही लपत नाही.
एवढं गवत या देशात,
आणि गवतात कुठेच नाही असला हिरवा.

हे शेताचं डिझेल. ट्रॅक्टरनं प्यावं, कापणीयंत्रानं प्यावं,
कर जवळजवळ नाहीच.
फाटकाबाहेर रस्त्याला लागलं की गुन्हा.
चार मैलांवर खरी सरहद्द,
तिच्यापलीकडे त्याच डिझेलला लाल रंगवतात.
डिझेला, तुझा रंग कसा?
ज्याचं राज्य, तसा.

ओरानला सांगते, बाटलीकडे नंतर बघ.
आधी बघ, ड्रायव्हर कुठे बघतोय.
चोराच्या मनात चांदणं.
तो हे वहीत लिहून घेतो.

रंग धुणारेही आहेत.
रात्री, बंद गोठ्यात, आम्ल ओतून.
उरलेला काळा गाळ प्लास्टिकच्या टाक्यांत भरून
दुसऱ्याच्या वाटेवर सोडून जातात.
मार्चमध्ये ओढ्यातले ट्राउट
पांढरी पोटं वर करून पुलाखाली अडकले होते.
त्या लोकांना मी आजवर रंगेहाथ पकडलेलं नाही.
त्यांच्या हाताला रंग नसतो.

रंगेहाथ सापडतो फेलिम मॅकएनानी.
वय अठ्ठ्याहत्तर, जुनी पसाट,
शेजारच्या सीटवर घोंगडी पांघरून बायको, अट्रॅक्टा.
आठवड्यातून तीनदा कॅव्हनला जातात,
तिचं रक्त धुऊन आणायला.
"जेम्सी ड्यूगनची धाकटी ना तू?
आज बाजार, ध्यानातच नाही राहिलं."
बस एवढंच. हात जोडणं नाही, कारण सांगणं नाही.

कारण सांगायला मीच होते तिथे.
मी नऊ वर्षांची, भावाचा हात गवत बांधायच्या यंत्रात,
गाडीची टाकी कोरडी, गावातला पंप बंद,
आणि बाबा कंदिलाच्या उजेडात
ट्रॅक्टरच्या पिंपातून डबा भरताना.
अर्धं डिझेल त्यांच्या बुटांवर सांडलं.
भाऊ वाचला, तीन बोटांनिशी.
पण रंग टाकीतून जाईना.
पंपावर जाऊन स्वच्छ भरलं, पुन्हा भरलं, तरी छटा उरलीच.
बाबा सहा महिने बाजाराच्या दिवशी
मागच्या वाटेनं मिसाला जायचे,
आणि आम्हाला वाटायचं, देवाला घाबरतात.

नियमाप्रमाणे नमुन्याच्या तीन बाटल्या.
एक प्रयोगशाळेला, एक कचेरीला, एक मालकाला.
तिन्हींवर लाख, तिन्हींवर माझी सही.
गाडी जप्त करायची मुभा होती.
तो रकाना मी कोरा ठेवला.
ओराननं तो बघितला, मग भट्टीकडे बघत राहिला.

फेलिमला दंडाचा आकडा सांगताना
माझा आवाज खाली गेला. त्याचा नाही.
"बरं," म्हणाला, आणि बाटली बायकोच्या हातात दिली.

अट्रॅक्टानं ती काचेशी धरली, फिरवली.
"या रंगाची लोकर," ती म्हणाली,
"मी मोनाहनभर शोधली गं, दोन हिवाळे."

मग बाटली मांडीवर उभी धरून,
सांडू नये म्हणून झाकणावर अंगठा दाबून,
ती कॅव्हनला गेली.
झाकणावर तर लाख होती.